तुमच्या मनात किती आहे?

घर विकायला काढलेल्या माणसाला काहीही विचारा, तो सांगतो. पाणी किती वाजता येतं, सेक्रेटरीचा स्वभाव कसा आहे, समोरच्या सुनेचं सासूशी पटतं का, गच्चीवर पापड वाळत घालू देतात का, सगळं सांगतो. किंमत विचारली की मात्र त्याचा चेहरा एकदम आध्यात्मिक होतो. तो आधी पंख्याकडे बघतो, मग एजंटकडे, आणि म्हणतो, "तसं काही नाही हो. घर चांगल्या माणसांच्या हातात जावं, एवढंच." घेणाराही काही कमी नसतो. साठ-सत्तर लाखांच्या कर्जाची मंजुरी मिळवून, बँकेचं पत्र खिशात घालून तो आलेला असतो आणि दारात चपला काढता काढता म्हणतो, "सहज आलो. इकडून चाललोच होतो, म्हटलं बघून जाऊ." ताकाला जाऊन भांडं लपवण्याची कला आपल्याकडे जुनीच आहे, पण पुण्यातल्या रीसेल फ्लॅटच्या बैठकीत ती ज्या उंचीला पोचते, ती इतरत्र कुठे पोचत असेल असं मला वाटत नाही.

आमच्या नात्यात कोणी घर घेत असलं की मला सोबत नेतात. मला बांधकामातलं काही कळत नाही, कायद्यातलं त्याहून नाही. पण समोरच्याने आकडा सांगितला की मला 'हं' म्हणता येतं. या माणसाला घर महाग वाटलं, स्वस्त वाटलं की दुपारचं जेवण अंगावर आलंय, यातलं काहीही त्या 'हं'वरून ओळखता येत नाही. या एका अक्षराने नातेवाइकांचे बरेच पैसे वाचले आहेत असं ते म्हणतात. अजून मला कोणी टक्का दिलेला नाही, हा भाग वेगळा.

परवा भाच्यासाठी कोथरूडला गेलो होतो. भाचा हिंजवडीला आयटीत, सूनबाई दातांच्या डॉक्टर. दोघांना कोथरूडच हवं होतं, कारण नातवाला सांभाळणारे आजी-आजोबा कोथरूडला. (पुण्यात हल्ली जागेचा भाव एफएसआयपेक्षा आजी-आजोबांवर जास्त ठरतो, असं माझं मत होत चाललं आहे.) १९९७ सालची इमारत, तिसरा मजला, दोन बेडरूम. मालक काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बावधनला. काका-काकू आता मुलीच्या शेजारी राहायला निघाले होते. जाहिरातीत किंमत होती एक दहा, आणि पुढे कंसात 'किंचित निगोशिएबल'. हा 'किंचित' किती, हे शोधून काढण्यात आमचा श्रावण आणि भाद्रपद गेला.

लिफ्टमध्येच भाच्याने बायकोला बजावलं होतं, "आवडलं तरी तोंडावर दाखवायचं नाही." सूनबाईंनी मान डोलावली. दार उघडलं, समोर हॉलमध्ये झोपाळा होता, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अय्या, झोपाळा!" एजंटने नंतर मला जिन्यात हिशेब सांगितला, की त्या 'अय्या'ची किंमत दीड लाख झाली. झोपाळा होताही तसाच. सागवानी पाट मधोमध वापरून गुळगुळीत झालेला, पितळी साखळ्या, आणि उजवीकडच्या कडीला एक विटका लाल दोरा बांधलेला. तो कशासाठी बांधलाय, हे काकूंनाही आठवत नव्हतं; पण सोडायचा कोणाला धीर झाला नव्हता.

झालेलं नुकसान भरून काढायला भाचा कामाला लागला. त्याने सगळे नळ सोडून बघितले, फ्लश ओढला, खिडक्या सरकवल्या आणि मग भिंतींवर बोटाने टकटक करत घरभर हिंडला. त्या टकटकीतून त्याला काय कळतं हे मी विचारलं नाही. पण काका प्रत्येक टकटकीला किंचित दचकत होते, तेव्हा तिचा काहीतरी उपयोग होत असणार.

विकणाऱ्याच्या घराला एक अदृश्य मजला असतो, तो म्हणजे 'लाभ'. "हे घर आम्हाला फार लाभलं," काका म्हणाले. मुलगा इथूनच अमेरिकेला गेला, मुलीचं इथूनच लग्न झालं, काकांचं प्रमोशन इथेच झालं. या सगळ्याचे पैसे किमतीत धरलेले असतात. घेणाऱ्याला विचारावंसं वाटतं, की इतकं लाभलंय तर सोडताय कशाला? पण असं विचारायचं नसतं. त्याऐवजी घेणारा विचारतो, "काका, तुम्ही घेतलंत तेव्हा केवढ्याला होतं?" हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ नसतो, तरी तो प्रत्येक जण विचारतो आणि प्रत्येक जण उत्तर देतो. "नऊ लाख," काका म्हणाले, आणि आतून काकूंचा आवाज आला, "मी तेव्हाच म्हटलं होतं, सोनं घ्या." १९९७ मध्ये सोनं पाच हजार रुपये तोळ्याच्या आत होतं. मी मनातल्या मनात गुणाकार केला. काकूंचं बरोबर होतं. मी 'हं' म्हटलं.

आता खरा घोळ सुरू होतो तो क्षेत्रफळावर. एकाच फ्लॅटचं क्षेत्रफळ विकणाऱ्याकडून मोजलं तर एक येतं आणि घेणाऱ्याकडून मोजलं तर दुसरं. काका ८८० स्क्वेअर फूट म्हणत होते. त्या सेलेबल ८८० मध्ये जिना होता, लिफ्टची जागा होती, भिंतींची जाडी होती आणि मला वाटतं खालचं जास्वंदीचं झाडही होतं. भाचा म्हणत होता कार्पेट ६४०, म्हणजे जिथे खरोखर सतरंजी अंथरता येते तेवढंच. त्यामुळे काकांच्या हिशेबाने दर साडेबारा हजार पडत होता आणि भाच्याच्या हिशेबाने सतरा हजारांच्या वर. किंमत तीच, घर तेच. पण काकांना आपण स्वस्तात देतोय याचं दुःख होतं आणि भाच्याला आपण लुटले जातोय याचं.

"काका, रेरा आल्यापासून सगळं कार्पेटवर असतं," भाचा म्हणाला.

"रेरा २०१६ चा. हे घर १९९७ चं. तुमचा कायदा माझ्या घरापेक्षा धाकटा आहे," काका म्हणाले.

पार्किंगचंही तेच. काकांनी पार्किंगचे वेगळे तीन लाख धरले होते. भाच्याने मोबाइल काढून सांगितलं, की बिल्डरला स्टिल्टमधलं पार्किंग फ्लॅटसारखं वेगळं विकताच येत नाही, २०१० सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. काकांनी शांतपणे चष्मा पुसला. "बरोबर असेल. पण सुप्रीम कोर्टाला रात्री दहा वाजता आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा शोधायची नसते." यावर कुठल्याही खंडपीठाकडे उत्तर नसावं.

इमारत जुनी, हा घेणाऱ्याचा हुकमी एक्का. भाच्याने तो टाकला. "सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली काका, प्लंबिंग आता..." काकांचे डोळे चमकले. "जुनी आहे म्हणूनच तर! रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. जनरल बॉडीत विषय झालाय. पस्तीस टक्के जास्त एरिया, वर भाडं, वर कॉर्पस." म्हणजे इमारत पडायला आली आहे हाच तिचा सर्वांत मोठा गुण ठरला. आता घेणाऱ्याने काय करावं? त्याने इमारत अजून चांगली मजबूत आहे असं म्हणायला सुरुवात केली. "नाही हो काका, अजून वीस वर्षं काही होत नाही हिला." "छे छे, कसली वीस! तो बीमचा तडा बघा." घेणारा घराची बाजू घेतोय आणि मालक स्वतःच्या घराचे तडे दाखवतोय, असा देखावा मी कोथरूडखेरीज कुठे पाहिलेला नाही.

मेट्रोचीही कोथरूडकरांनी दोनदा विक्री केली. २०१६ साली भूमिपूजन झालं तेव्हापासून 'मेट्रो येणार' म्हणून भाव वाढले, आणि मार्च २०२२ मध्ये वनाझपासून मेट्रो खरोखरच सुटली तेव्हा 'मेट्रो आली' म्हणून पुन्हा वाढले. काका तिच्यात अजून बसलेले नव्हते. "गुडघ्यांमुळे जिना नको वाटतो," ते म्हणाले. तिथे सरकते जिने आहेत, असं कोणीतरी सुचवलं. पण विषय किमतीचा होता, प्रवासाचा नव्हता.

पूर्वी बैलबाजारात भाव ठरवायचा तर दलाल आणि घेणारा रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत. बघ्यांना फक्त रुमाल हलताना दिसायचा. फ्लॅटच्या बाजारात तो रुमाल म्हणजे एजंट. दोन्ही बाजूंना लाज वाटू नये म्हणून मध्ये पसरलेला. त्याला दोघांचे आकडे माहीत असतात, आणि तरी तो दोघांनाही विचारत राहतो, "तुमच्या मनात किती आहे?"

"काकांच्या मनात किती आहे?" भाचा.

"ते एक दहा म्हणतात ना."

"तो जाहिरातीतला. मनातला वेगळा असेल ना."

मग एजंट काकांना घेऊन स्वयंपाकघरात जातो, आम्हाला घेऊन जिन्यात येतो, पुन्हा स्वयंपाकघरात जातो. त्याचं मुख्य काम भाषांतराचं. काका आत म्हणतात, "परवडत नसेल तर धायरीला बघ म्हणावं त्याला." बाहेर येऊन एजंट सांगतो, "काका म्हणतायत, मुलं गुणी आहेत, थोडं पुढे या." भाचा जिन्यात म्हणतो, "म्हाताऱ्याला वेड लागलंय का?" आत जाऊन एजंट सांगतो, "मुलगा फार आदराने बोलतो हो तुमच्याबद्दल. फक्त बजेट जरा टाइट आहे." १९९७ च्या फ्लश डोअरमधून जिन्यातलं आत आणि आतलं जिन्यात स्वच्छ ऐकू येतं. मूळ सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तरी सगळे भाषांतराची वाट बघत बसतात, आणि ते आल्यावर त्यालाच उत्तर देतात. मला ही माणुसकीची फार वरची पायरी वाटते.

एकदा त्या एजंटने हळूच चाचपून बघितलं, "काका, पूर्ण चेकनेच घ्यायचे ना?" काका म्हणाले, "म्हणजे?" त्या 'म्हणजे'मध्ये चौतीस वर्षांची स्वच्छ नोकरी होती. विषय तिथेच मिटला.

अशा बैठकीत एक हजर नसलेला माणूसही लागतो. प्रत्येक पार्टीने तो बाळगलेलाच असतो. काकांचा न्यू जर्सीत होता. आकडा जरा जमायला आला की काका म्हणायचे, "मुलाला विचारून सांगतो." मुलगा रात्री साडेआठला उठायचा, म्हणजे त्याची सकाळ व्हायची, मग तो इंटरनेटवर कोथरूडचे रेट बघायचा आणि वडिलांना सांगायचा की एक दहाच्या खाली येऊ नका. आमच्याकडे साताऱ्याची ताई होती. तिने घर पाहिलेलंही नव्हतं. पण भाचा अडचणीत आला की म्हणायचा, "माझा वास्तूवर विश्वास नाही काका, पण आईला दक्षिणेचं दार चालत नाही." दार पश्चिमेला होतं. मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडी ग्रिलजवळ धरलं की ते नैर्ऋत्य दाखवत होतं, आणि भाचा ते ग्रिलजवळच धरत होता. ताईला मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "दार कुठेही असू दे रे, बाथरूममध्ये खिडकी आहे का?"

पहिला आकडा अखेर भाच्याने टाकला. सूनबाईंच्या भावाने त्याला शिकवून पाठवलं होतं, की खालूनच सुरू कर. तो म्हणाला, "ब्याण्णव."

खोलीत शांतता पसरली. काकांनी झोपाळ्यावरून पाय खाली टेकवला आणि झोपाळा थांबवला. आतून काकू म्हणाल्या, "चहा टाकू ना?" हे 'टाकू ना' फार धोक्याचं असतं. एरवी त्या 'टाकते' म्हणायच्या. चहा आला, पण बिस्किटं आली नाहीत. मी बशीकडे बघून 'हं' म्हटलं.

इथे कुणी 'लाख' म्हणत नाही, हे नवख्याच्या लगेच लक्षात येत नाही. "दोन सोडा की काका." "अहो, आधीच तीन सोडलेत." "मग एक तरी." जिन्यावरून जाणाऱ्याला वाटेल की आत पेरूंचा सौदा चाललाय. भाजीवाल्याने कोथिंबिरीचे दहा रुपये सांगितले असते तर भाच्याने त्याच्याकडे एकदा रोखून बघितलं असतं; इथे तो पंचवीस मिनिटांत तीन लाख वर चढला आणि त्याचा श्वासही फुलला नाही. रकमेला शून्यं जास्त झाली की माणसाला ती जाणवेनाशी होत असावी. मुंबईत तर म्हणे बैठक एका चहात उरकते. तिथे माणसाला लोकल पकडायची असते. पुण्यात कोणालाच कुठे जायचं नसतं.

कोकणात याच्या उलट. तिथे घर घ्यायला जाणं म्हणजे मुळात विकायचं नसलेल्या घराची चौकशी करणं. माझ्या एका मित्राला संगमेश्वराकडे कौलारू घर हवं होतं. मालक पडवीत बसून होते. "विकायचं नाहीच," ते म्हणाले, "पण किती येतील?" मित्राने आकडा सांगितला. "छ्या!" ते म्हणाले, आणि शेजारच्याला हाक मारून तो आकडा सांगितला. शेजारी आला, त्यालाही विकायचं नव्हतं, पण त्याच्या घराचे किती येतील हे त्याला हवं होतं. दुपारपर्यंत मित्राने अख्ख्या वाडीचं मूल्यांकन करून दिलं, आमसुलाचं सरबत प्यायलं आणि परत आला. पुढे एकाचं मन वळलं, तर सातबाऱ्यावर सामाईक नावं अकरा निघाली. त्यांतले दोन बडोद्याला, एक काकू डोंबिवलीला, आणि एक आजोबा वारले होते तरी सातबाऱ्यावर ठणठणीत होते. मित्र अजून भाड्याच्या घरात राहतो. दर मे महिन्यात वाडीतून आंब्याची पेटी येते आणि सोबत प्रश्न, की यंदा भाव काय चाललाय?

कोथरूडला गणपती आले आणि गेले. भाचा नव्याण्णववर येऊन थांबला, काका एक दोनवर. तीन लाखांचं अंतर उरलं आणि घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं. एजंटने दोघांनाही "दोन पावलं पुढे या" म्हणून पाहिलं. कोणी हलेना. माझ्या लक्षात आलं, की आता प्रश्न पैशाचा राहिलेलाच नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी आपला तसाच फ्लॅट मागे अठ्ठ्याण्णवला विकला होता आणि त्याबद्दल काकांनी त्यांना सोसायटीच्या बाकावर बसून बरंच सुनावलं होतं. त्यामुळे काकांना कोटी हवेच होते. त्याशिवाय बाकावरच्यांना ते तोंड दाखवू शकत नव्हते. आणि भाच्याने ऑफिसात, सासुरवाडीत आणि ताईला आधीच सांगून टाकलं होतं की कोथरूडमध्ये कोटीच्या आत घेऊन दाखवतो. एकाला कोटीच्या वर राहायचं होतं, दुसऱ्याला कोटीच्या खाली, आणि घर एकच.

तेवढ्यात पितृपक्ष लागला. एजंट लोकांच्या कॅलेंडरमध्ये हा पंधरवडा म्हणजे उन्हाळी सुट्टी. या दिवसांत लोक घरं बघतात, भावही करतात, पण टोकन कोणी देत नाही. परिणामी दोन्हीकडचे लोक आपापल्या आकड्यावर अंडी उबवत बसतात. काकांना या काळात दुसऱ्या एका पार्टीने एक चारपर्यंत विचारलं म्हणे. "मी सांगितलं त्यांना," काका म्हणाले, "आमचं एका मुलाशी बोलणं चाललंय, मधेच दुसऱ्याला देणं बरं दिसत नाही." हे ऐकून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. नंतर त्यांनी ती गोष्ट चार-पाच वेळा सांगितली, फोनवरही सांगितली, तेव्हा तो थोडा कमी झाला. पण पूर्ण गेला नाही. त्यांनी खरोखरच दुसऱ्याला दिलं नव्हतं.

गाडं काढलं ते काकूंनी. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बसलो होतो आणि चर्चा पंख्यांवर आली होती. पंखे काढून नेणार की ठेवणार, गीझर कोणाचा, भिंतीतलं शोकेस निघतं का. काका तावातावाने म्हणाले, "झोपाळा मी नेणार. कड्या हव्या तर राहतील."

"नुसत्या कड्या घेऊन मी काय करू?" भाचा म्हणाला.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कुठे नेणार तुम्ही झोपाळा? बावधनला फॉल्स सीलिंग आहे. राहू दे तो इथेच. तिला आवडलाय." आणि सूनबाईंकडे बघून म्हणाल्या, "फक्त तो लाल दोरा सोडू नकोस गं."

एजंट एवढ्या वर्षांत जे काही शिकला असेल ते त्या क्षणी त्याच्या कामी आलं. तो जवळजवळ ओरडलाच, "काका! घर नव्याण्णव. फर्निचर दोन!"

सगळ्यांनी मनातल्या मनात बेरीज केली. एक कोटी एक लाख. काका बाकावर सांगू शकत होते, "एक एकला दिलं." भाचा ऑफिसात सांगू शकत होता, "घर नव्याण्णवला घेतलं." दोघंही खरं बोलणार होते. दोन लाखांच्या फर्निचरमध्ये झोपाळा, न निघणारं शोकेस, चार पंखे, एक कण्हणारं सोफा-कम-बेड आणि एक टीपॉय आलं. टीपॉयचा एक पाय हलतो, असं भाच्याने म्हणायला तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघून असं 'हं' म्हटलं की ते मिटलं. बिस्किटं आली, पाठोपाठ चकली आली.

दसऱ्याला एक्कावन्न हजारांचं टोकन गेलं, वर एक रुपया. सगळं संपलं असं वाटलं. पण मग टीडीएस निघाला. पन्नास लाखांच्या वरच्या घराला घेणाऱ्याने एक टक्का कापून सरकारजमा करायचा असतो, २०१३ पासूनचा नियम आहे. भाच्याने तो सांगितला. नव्याण्णव हजार. काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे ठरल्यावर पुन्हा एक टक्का कमी करायला सांगतोयस?" "कमी नाही हो काका, तुमच्याच नावावर सरकारकडे जमा होणार. रिटर्न भरताना धरता येतो." काकांनी विचार केला आणि सगळ्या ज्येष्ठ नागरिकांचं ब्रह्मास्त्र काढलं. "पंधरा एच भरून दिला तर?" एफडीच्या व्याजावर चालणारा फॉर्म घराला चालत नाही, हे त्यांना समजावायला सीए बोलवावा लागला. त्याने चहा घेतला, फी घेतली आणि भाचा सांगत होता तेच सांगितलं. तेव्हा काकांना पटलं.

स्टॅम्प ड्यूटीत मात्र भाच्याच्या आयुष्यात स्त्रीसक्षमीकरण आलं. पुण्यात सात टक्के. पण घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्र सरकार २०२१ पासून एक टक्का सोडतं. हे कळल्यावर तो बायकोच्या कर्तृत्वाबद्दल जे बोलू लागला, ते मी लग्नातही ऐकलं नव्हतं. घर सूनबाईंच्या नावावर झालं. दारावरच्या पाटीत आपलं नाव आधी असावं अशी सूचना त्याने मांडली. सूनबाईंनी ती विचारार्थ ठेवून घेतली आहे.

मग सोसायटीची ट्रान्सफर फी. प्रीमियम पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही, असा सरकारचा नियम आहे आणि सोसायटीने घेतलेही पंचवीसच. रीत अशी की निम्मे विकणारा देतो, निम्मे घेणारा. काकांना वाटत होतं रीत तशी नसते. साडेबारा हजार रुपयांवर पाऊण तास गेला. ज्या दोन माणसांनी अठरा लाख रुपये हसत-रुसत इकडचे तिकडे केले, ती साडेबारा हजारांसाठी घसा बसेपर्यंत बोलली. त्यात नवल नाही; साडेबारा हजार काय असतात हे दोघांनाही नीट माहीत होतं.

सह्या झाल्या, अंगठे झाले, रजिस्ट्रार कार्यालयातल्या त्या छोट्या कॅमेऱ्यासमोर सगळ्यांचे चोरासारखे फोटो निघाले. बाहेर पेढे वाटले. आणि एजंटने घसा साफ केला. "माझं ते दोन्हीकडून एक टक्का ठरलं होतं."

काकांनी भाच्याकडे बघितलं, भाच्याने काकांकडे. दोन महिन्यांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि तेही न बोलता.

"एक टक्का म्हणजे जरा..." काका म्हणाले.

"अहो, घर तर आम्हीच शोधलं जाहिरातीत," भाचा म्हणाला.

"आणि फर्निचरची आयडिया हिची," काका म्हणाले. "पोराचं बरोबर आहे."

"काकांचं म्हणणं रास्त आहे," भाचा म्हणाला. "पाऊण ठेवा."

एजंटने इकडे तिकडे बघितलं. त्याचं म्हणणं समोरच्यांना गोड करून सांगणारं तिथे कोणी नव्हतं. तो पाऊणवर आला, पेढा खाल्ला आणि रिक्षाकडे जाता जाता काकूंना म्हणाला, "सोसायटीत आणखी कोणी काढतंय का हो विकायला?"

"दुसऱ्या मजल्यावर विचारून बघा, समोरच्यांकडे," काकू म्हणाल्या. "त्यांना विकायचं नाहीये, पण किती येतील ते विचारत होते."